तांदळाच्या पिंपातला फोन

मोहोपाड्याच्या कारखान्यात केमिस्ट असलेला अनुपम पोशीरला सुनंदाकाकूंकडे भाड्यानं राहायचा. त्याचा जीव पुरुषांवर जडायचा, आणि त्यात दुःख काहीच नव्हतं. दुःख नशेच्या पुडीचं होतं. पुडीशिवाय कुणाला जवळ घेववेना, आणि पुडी घेतली की थांबवेना. शनिवारी फोन वाजला, की गडी सोमवारीच उगवायचा.

नेरळच्या समुपदेशक निवेदिताताई म्हणाल्या, "दोन्हींची गाठ बसलीय, सोडवायचीही एकत्रच. शनिवारी फोन विश्वासाच्या माणसाकडे द्यायचा."

अनुपमनं मान खाली घालून काकूंना सगळं सांगितलं.

"बाप्यांचं मला ठावं हाय रं," काकू म्हणाल्या. "पोरगी दाखवली की तुझ्या पोटात दुखायचं. पुडीचं तेवडं वाईट." आणि फोन तांदळाच्या पिंपात गेला.

अकरा शनिवार कोरडे गेले. बाराव्याला अनुपम सकाळपासूनच पिंपाभोवती घुटमळत होता.

"काकू, कारखान्याचा फोन येईल. द्या ना."

"येऊ दे. मी बोलते साहेबाशी."

तेवढ्यात पिंप घुमलं. काकूंनी कोपरापर्यंत हात घालून फोन काढला आणि तांदूळ झटकत ओरडल्या, "कोन?"

"किशोर. अनुपमला द्या. सांगा, माल आलाय."

फोनमधला आवाज अनुपमनं ओळखला. याच किशोरबरोबर सगळे शनिवार बुडाले होते.

"अनुपम भाताच्या लावणीला चाललाय," काकू म्हणाल्या. "तू जेवलास का रं?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "परवापासून नाही."

"मंग ये हितं. पन माल आनलास तर मालासकट वढ्यात बुडवीन."

दुपारी किशोर पांढरेशुभ्र बूट घालून अवतरला. एंट्री झकास! जेवला, शेतावर निघताना बूट काढायला विसरला आणि बांधावरून घसरून थेट चिखलात बसला. खिशातली पुडी त्यानं मुकाट्यानं काकूंपुढे धरली. अनुपमची नजर पुडीवरून हलेना. काकूंनी ती टाचेखाली चिखलात रगडली आणि भाताच्या रोपांची जुडी अनुपमच्या हातात कोंबली. "लाव!"

अनुपमनं किशोरकडे पाहिलं. भुवयांपर्यंत चिखल, तरी हातात रोपांची जुडी. त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. पुडीशिवाय किशोरशेजारी तो पहिल्यांदाच हसत होता.

संध्याकाळी सगळं ऐकून निवेदिताताईंनी फोनवर काकूंना चांगलंच झापलं. "जुन्या साथीदाराला घरी बोलावतात का? अनुपम घसरला असता तर?"

"चुकलंच. पन आमच्यात सावड असती, ताई. आज ह्यानं आमच्या शेतात राबायचं, उद्या आमी ह्याच्या. ह्यो किशोर राबून बसला, आता आमच्यावर फेड हाय. शनिवारी तुमच्याकडं घेऊन येते दोगान्ला."

किशोर पिंपाशी उभा होता. त्यानं आपला फोन तांदळात खुपसला.

"खोल घाल रं," अनुपम म्हणाला. "वरच्या वर ठेवलास तर मीच काढीन."