माहेरी भाड्याने

माझा देवावर विश्वास होता की नाही, हे मला स्वतःलाच कधी नीट सांगता आलं नाही. अडलं की हात जोडायचे आणि काम झालं की विसरायचं, एवढीच माझी भक्ती. त्या दिवसांत तर मी देवावर चिडलेच होते. आईला घेऊन मी जर्मनीहून मालवणला परतले होते आणि जन्मगावात आम्हाला राहायला जागा मिळत नव्हती. बाबा गेल्यावर गावचं घर भावकीच्या वाटणीत गेलं होतं. आईची एकच आस होती, शेवटचे दिवस आपल्या गावात काढायचे. पण तिचं विसरणं वाढत चाललं होतं. गाव तिच्या आठवणीतून निसटण्याआधी तिला तिथे नेऊन बसवायचं, एवढीच माझी धडपड होती.

बाजारामागे तळमजल्यावरचा एक फ्लॅट तिला पाहताक्षणी आवडला. मालक दाजीकाका आमच्याच वाडीचे निघाले. मालवणीत बोलणी रंगली, भाड्यावरून थोडी घासाघीस झाली, चहासुद्धा झाला. मग करारासाठी मी पासपोर्ट पुढे केला. नोकरीच्या सोयीसाठी मी तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. काकांनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला आणि एकदम शुद्ध मराठीत म्हणाले, "परदेशी भाडेकरू म्हणजे पोलिसांत कळवावं लागतं. आम्हाला त्या भानगडी नकोत. क्षमा करा." आमच्याकडे ओळखीचा माणूस मालवणी सोडून असा शुद्ध बोलायला लागला, की काम होणार नाही हे समजून घ्यावं. मी जास्त अनामत देऊ केली, तेव्हा तर त्यांचा संशय आणखीच वाढला. लॉजवर परतल्यावर आई म्हणाली, "देवाक सांगलंस काय? गाऱ्हाणा घाल आधी." मला हसू आलं, रागही आला. घर काय देव भाड्याने देणार होता?

तरी तिच्या समाधानासाठी सोमवारी ग्रामदेवतेच्या देवळात नारळ घेऊन गेले. गाऱ्हाणं म्हणजे आपलं मागणं गुरवाने सगळ्यांसमक्ष देवाला मोठ्याने सांगायचं, आणि हजर असतील त्या सर्वांनी त्याला होकार भरायचा. मी गुरवाला सगळं सांगितलं. तेवढ्यात दाजीकाका आले. आंब्याला मोहोर चांगला यावा म्हणून त्यांनीही नारळ आणला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. गुरवाने नारळ हातात घेतला. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी माहेरवाशीण तुझ्या पायाकडे इली आसा. तिका आणि तिच्या म्हाताऱ्या आवशीक ह्या गावात आसरो दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" त्यात सर्वांत मोठा आवाज डोळे मिटून उभ्या असलेल्या दाजीकाकांचा होता. जन्मभराची सवय, तोंडातून आपोआप निघून गेलं. मग त्यांनी डोळे उघडले.

पासपोर्टवर मी परदेशी होते आणि देवासमोर माहेरवाशीण. मला तिथेच रडू फुटलं. बाहेर चपला घालताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता माका बोलाक काय र्‍हवला नाय. देवासमोर व्हय म्हटलंय. सांजेक चावी घेवन जा गो. पोलिसात काय ता मी बघतंय."

हा योगायोग होता की कृपा, हा वाद मी घालत नाही. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. त्या घरात राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत आई गाव विसरली. खिडकीतून माड दिसतात, देवळातली घंटा ऐकू येते, तरी ती रोज विचारते, "आपण गावाक कधी जातलंव गो?" सुरुवातीला मी तिच्याशी वाद घालायचे, तिला हाताला धरून बाहेर न्यायचे. ती म्हणायची, "ह्या आपला न्हय." तिला आणायला फार उशीर झाला, हे मन अजून खातं.

मी घर मागितलं होतं, देवाने ते दिलं. आईच्या मनात गाव शिल्लक ठेवणं माझ्या हातात नव्हतं, आणि आता मी तेही त्याच्यावर सोडलं आहे. डोक्यावर छप्पर आहे, ती माझ्याजवळ आहे, याबद्दल रोज हात जोडते. तिने विचारलं की म्हणते, "जातलंव गो आये, आताच." मग ती हसते, पिशवीत दोन लुगडी भरून दाराशी बसते, आणि मीही तिच्याबरोबर निघायच्या तयारीने बसते.