सिंगापूरचे दोन तास

संगप्पा, तुमच्यावर लिहायला बसले आहे. काही चुकलं तर गप्प बसा.

तुम्ही उदगीरच्या रेल्वे माल-ऑफिसातले कारकून. जन्मात विमानात बसला नाहीत. तरी कुणाचं लेकरू परदेशातून निघालं की लोक तुमच्या दारात. शाळेतून निवृत्त होताना मी तुम्हाला दिलेला भूगोलाच्या वर्गातला जुना पृथ्वीगोल तुम्ही काढायचात, त्यावर दोरा ताणायचात. एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. वर बजावायचात, "उडायला येळ लागत न्हाई, थांबायला लागतो. थांबा धरा."

डिसेंबरात तुमच्या शेजारच्या उमाबाई भरदुपारी गेल्या. एकुलती एक लेक मंजुश्री मेलबर्नला. उमाबाईंचे थोरले दीर गुरुपादप्पा संध्याकाळीच तुमच्याकडे आले.

"पोरगी कवा पोचती? उद्या तीनच्या पुढं मी थांबणार न्हाई. मातीला किती येळ तिष्ठत बसवायचं?"

तुम्ही दोरा लावलात. मेलबर्न ते सिंगापूर, तिथून हैदराबाद. बावीस सेंटिमीटर. मीही मनात मांडलं. विमान आपल्या सातला सुटणार. हवेत साडेबारा तास, सिंगापुरात चार, बाहेर पडायला एक, मोटारीनं साडेचार. म्हणजे उद्या संध्याकाळचे पाच.

"तीन," तुम्ही म्हणालात. "सिंगापुरात दोनच तास हायत."

मंजुश्रीनं पाठवलेलं तिकीट माझ्या हातात होतं. चार तास स्पष्ट छापलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. ड्रायव्हरचा नंबर एकट्या तुमच्याकडे.

"बिदर सोडलं," तुम्ही म्हणालात. साडेतीनला कमालनगर. चारलाही कमालनगरच.

"तिथं मुक्काम टाकला का काय पोरीनं?" गुरुपादप्पा कडाडले.

"फाटक पडलंय, आप्पा."

"अर्धा तास? रेल्वेत होता नव्हं तुम्ही?"

सव्वाचारला त्यांनी उमाबाईंना उचललंच. तुम्ही पुढं झालात. प्रत्येक वळणावर भजनवाल्यांना हात दाखवून आणखी एक कडवं म्हणायला लावलंत. मागून शिव्या येत होत्या. तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. शेतात पोचेपर्यंत पाच वाजून गेले. लिंगायत रीतीप्रमाणे उमाबाईंना खड्ड्यात बसवलं. मातीची पहिली मूठ उचलणार, इतक्यात बांधापाशी मोटार थांबली. मंजुश्री अनवाणी पळत आली, खाली उतरली, आईचे गाल दोन्ही हातांत धरून बसली. कुणी तिला घाई केली नाही. गुरुपादप्पांनीसुद्धा.

परतताना तुम्ही म्हणालात, "बाई, आप्पास्नी खरं सांगून या. लई खोटं बोललो. माझ्यानं तोंड दाखवायला होत न्हाई."

मी आठव्या दिवशी गेले. गुरुपादप्पांनी स्वतः चहा आणला. म्हणाले, "संगप्पाचा आकडा कवा चुकलाय का? त्या फाटकानं घात केला. उगंच बोललो बिचाऱ्याला."

मी चहा प्याले आणि उठले. त्यानंतर नांदेडला राहायला आले. पाडव्याच्या आधी आप्पा वारले. मी सांगितलंय, असंच तुम्ही धरून चालला आहात.

नाही सांगितलं.