भानजींच्या तेवीस लाल रांगा

उत्तरा सोनोने अंधेरीला विम्याचे दावे तपासणाऱ्या एका ऑफिसात सिस्टिम सांभाळते. वडील बुलढाण्याहून आलेले, घर दहिसरला. ऑफिसातल्या एकशे ऐंशी जणांच्या कॉम्प्युटरवर कुठली वेबसाइट उघडेल आणि कुठली नाही, हे तिने लावलेलं सॉफ्टवेअर ठरवतं. क्रिकेट बंद, खरेदी बंद, सिनेमे बंद. तरीही कोणी प्रयत्न केला तर त्याचं नाव लाल रांगेत येतं आणि ती यादी दर शुक्रवारी एचआरच्या तेजल मॅडमकडे जाते. लोक उत्तराशी जपून बोलतात. तिला त्याची सवय आहे.

गेल्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात हरेश्वर भानजींच्या नावापुढे तेवीस लाल रांगा आल्या. प्रकार : अश्लील.

भानजी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातले, वय चोपन्न, रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं. तेजल मॅडम म्हणाल्या, "या वयात असले धंदे! सोमवारी वॉर्निंग लेटर देते. तू रिपोर्टवर सही कर."

सही करायच्या आधी उत्तराने रांगा उघडल्या. सॉफ्टवेअर एका शब्दावर अडलं होतं : स्तन. भानजींनी टाइप केलं होतं, 'स्तनात गाठ, दुखत नाही'. मग 'स्तनातली गाठ आपोआप जाते का'. तेवीसही वेळा समोर तेच पान, 'कंपनीच्या धोरणानुसार बंद'. अडवायच्या शब्दांची यादी उत्तरानेच चढवली होती, न वाचता.

ती रेकॉर्ड रूममध्ये गेली. तिला बघून भानजींनी स्क्रीन बंद केला.

"काका, मला कळलंय. काकींना आहे ना गाठ? डॉक्टरला दाखवलंत का?"

त्यांनी हातातल्या फायलीची नाडी बांधली. "मथुरा ऐकत नाय. म्हणते, मासळीचा धंदा कोण बघणार? घरात फोन एकच, तो तिच्याकडे, गिऱ्हाइकांचा. म्हणून इथं बघत होतो."

"मी मॅडमना सांगते खरं काय ते."

"नको. लेटर घेईन मी. बायकोचं असलं काय ऑफिसभर नको व्हायला."

उत्तराने त्यांना आपल्या केबिनमध्ये नेलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर गाठीची माहिती देणारं पान उघडून दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. वीस मिनिटांनी ते आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. तिने कांदिवलीच्या एका लेडी डॉक्टरचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला.

मग तिने रिपोर्टवर लिहिलं : शब्दांची यादी चुकीची होती, चूक माझी, तेवीस नोंदी रद्द.

"तू काहीतरी लपवतेयस," तेजल मॅडम म्हणाल्या.

"हो."

"मग मेमो तुला मिळेल."

"द्या."

मेमो मिळाला. त्या वर्षी तिचं प्रमोशन हुकलं.

मथुराबाई पंधरा दिवस अडून बसल्या. शेवटी नणंदेने मासळीची पाटी सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा तपासणीला गेल्या. गाठ कर्करोगाची निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, किमो झाली. भानजींनी रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं.

उत्तराने यादीतले एकेचाळीस शब्द काढले. रिपोर्ट अजून दर शुक्रवारी जातो, नावांसकट. नावं काढायची तिची सूचना वरून नामंजूर झाली. आता ती प्रत्येक लाल रांग उघडून बघते. त्यात अर्धा दिवस जातो, आणि लोकांचं खासगी जास्तच कळतं. ते तिला आवडत नाही.