कुंडाच्या काठावर

गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा कमळाच्या जांघेतल्या गाठीही काढल्या. कॅन्सर गेला, असं डॉक्टर म्हणाले. उजवा पाय मात्र तेव्हापासून परक्यासारखा वागू लागला. संध्याकाळपर्यंत सुजून चपलेत मावेना. घट्ट मोजा घालायचा, पाय उंचावर ठेवायचा, खरचटू द्यायचं नाही, शेक तर अजिबात नाही. तरी दिवाळीत तिनं गरम पाण्याची पिशवी लावलीच. चटका बसला, पाय लालबुंद झाला, थंडी वाजून ताप चढला. भिवंडीला दवाखान्यात सलाईन लावून पडावं लागलं. पुन्हा असं झालं तर सूज कायमची वाढेल, डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि आज थोरली जाऊ, आक्का, तिला दर्शनाच्या नावाखाली दिघाशीहून एसटीनं गणेशपुरीला घेऊन आली होती. थेट गरम पाण्याच्या कुंडावर. गावातल्या बायका गुडघे बुडवून आधीच बसलेल्या.

"पायात मोजा? मुंबयची मडम आली गं!" त्यातली एक खिदळली.

कमळा हसली नाही. आजारापेक्षा समजावणंच जास्त दमवायचं.

"काढ तो मोजा," आक्का खाली वाकली. "माजं गुडघं हितंच बरं झालं. सगल्या गावाचं झालं."

"आक्का, नको. पुन्ना ताप येल."

"देवाच्या पान्यानं ताप येतो व्हय?"

पाण्यावरून वाफ येत होती. मोज्याखाली पाय चुरचुरत होता. सोडून द्यावा पाण्यात, निदान ही बडबड तरी थांबेल, असं कमळाला क्षणभर वाटलं. तिनं स्वतःच मोजा घोट्यापर्यंत खाली ओढला.

"हां, आता कशी!" आक्का म्हणाली.

कमळानं पाय पाण्यात सोडला नाही. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला. तो भरून येण्याची आक्का वाट पाहत राहिली. खळगा तसाच.

"दुकतं?"

"न्हाय. जड हाय. आत पानी साचलंय, त्याला वाट न्हाय. गरम पान्यानं आणखी साचंल."

कमळा मोजा वर ओढू लागली. वाकून दम लागायचा, कापडाला सुरकुती राहून चालत नसे. आक्का तिच्यामागे पाठीला पाठ लावून टेकण देत बसली.

"आक्का, ये की पान्यात!" बायकांनी हाक मारली.

"बसा गप," आक्का म्हणाली. "हिचा मोजा चडायचा हाय."