वकीलसाहेबांचं बॅडमिंटन

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांइतकं बॅडमिंटन उभ्या निजामशाहीत कुणी खेळलं नसेल, आणि त्यातलं निम्म्याहून अधिक त्यांनी बसून, डोळे मिटून खेळलं. मी भूमच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा सरकारी दवाखान्यामागच्या पटांगणात संध्याकाळी वारा पडला की जाळी बांधत. खेळणारे आम्ही तिघे-चौघेच. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब सर्वांत तरबेज, वकीलसाहेब सर्वांत हौशी. फटका चुकला की दुसरा माणूस चरफडेल. हे तिथंच थांबून, एखाद्या बेरकी साक्षीदाराकडं पाहावं तसं स्वतःच्या मनगटाकडं टक लावून बघत. "हातावर रागवायचं न्हाय, मास्तर," ते मला सांगत. "त्यानं काय केलं ते नुसतं बघायचं. आपण बघतोय म्हटल्यावर तो आपोआप सुधारतो." सुधारत मात्र काहीच नव्हतं. डॉक्टरांशी ते रोज नेमानं हरत.

हे बघणं पटांगणापुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण सर्व्हिस करताना कोपर नीट दिसावं म्हणून त्यांनी घरातला एकुलता आरसा ओसरीवर, कमरेच्या उंचीला ठोकला. तेव्हापासून त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंना, कुंकू लावायला ओणवं व्हावं लागे. मुन्सफीच्या कोर्टात समोरच्या वकिलाचं भाषण लांबलं की हे खुर्चीत डोळे मिटून मनातल्या मनात खेळायला लागत. एकदा बांधाच्या दाव्यात मनातलं बॅडमिंटनचं फूल फारच उंच आलं असावं. त्यांचा उजवा हात ताडकन वर गेला. "वकीलसाब, कोई एतराज है?" मुन्सफसाहेबांनी विचारलं. वकीलसाहेब भानावर येत उठले आणि म्हणाले, "जी हुजूर, है." मग उभ्या उभ्या जी हरकत सुचली ती त्यांनी घेतली, आणि ती मान्यही झाली! तेव्हापासून तो पक्षकार त्यांना देवमाणूस समजत असे.

एका हिवाळ्यात बैलगाडीतून उतरताना ते पडले आणि घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पाय बांधून त्यांना खाटेवर निजवलं आणि रोज बघायला येऊ लागले. पण हा रुग्ण पायाबद्दल बोलेचना. "डॉक्टरसाब, जरा त्या कोपऱ्यात उभे राहा. तुमचा तो आडवा फटका दाखवा. सावकाश." डॉक्टर बिचारे पेटी खाली ठेवत आणि गळ्यात नळी तशीच ठेवून रिकाम्या हातानं हवेत फटके मारत. ते गेले की वकीलसाहेब डोळे मिटून तेच फटके परतवत पडून राहत. काकू मला म्हणाल्या, "मास्तर, काल झोपेत लई जोरात मारला बघा. उशीचा कापूस अजून वेचतेय मी."

त्याच दिवशी डॉक्टरांनी मला दारात गाठलं. "हड्डी बरोबर जुळली न्हाय," ते हळूच म्हणाले. "चालतील, पण आता खेळणं मुश्किल आहे. त्यांना सांगू नका." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यात उभे राहून फटके दाखवू लागले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वकीलसाहेब काठी टेकत पटांगणात आले, काठी खांबाला लावली आणि म्हणाले, "चला, डॉक्टर." धावणं त्यांना जमतच नव्हतं. पण डॉक्टरांनी हात उचलला की फूल कुठं पडणार ते यांना आधीच ठाऊक असे, आणि हे लंगडत तिथं जाऊन उभे! डॉक्टर आधी जपून, लाडानं खेळले. मग घामाघूम झाले. मग खरोखरच हरले. शेवटचं फूल पडलं तेव्हा वकीलसाहेब आपल्या मनगटाकडं बघत होते, आणि डॉक्टर खो खो हसत जाळीखालून वाकून येऊन त्यांच्या घोट्याकडं.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि डॉक्टरसाहेब बायकामुलांना घेऊन हैदराबादला भावाकडं निघून गेले. वकीलसाहेब मोटारीपर्यंत पोचवायला गेले होते. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही. नंतर जाळी आम्ही शाळेच्या आवारात बांधायला लागलो. वकीलसाहेब मला सहज हरवत, पण जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर फारसा दिसत नसे. एका संध्याकाळी खेळ आटोपून ते पायरीवर डोळे मिटून बसले होते. मी थट्टेनं विचारलं, "कुणाशी चाललंय, वकीलसाहेब?"

"डॉक्टरांशीच की," ते म्हणाले. "फटके सगळे दिसतात, मास्तर. पण हरल्यावरसुद्धा ते खो खो हसायचे ना, ते हसणं काही केल्या ऐकू येत न्हाय."