फॉर्ममध्ये न मावलेलं गाव

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मला चौदा पानं आहेत आणि शेवटच्या पानावर 'शेरा' नावाची एक चौकट आहे, काडेपेटीएवढी. दिवसभरात जे खरं ऐकायला मिळतं ते तिच्यात मावत नाही. मग ते डोक्यात साठतं आणि घरी भाजी चिरताना नवऱ्यासमोर सांडतं. नवरा म्हणतो, "रिपोर्ट राहू दे, हेच छापा." छापणारं कोणी भेटलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन तंजावूरच्या मराठी घरात आले. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. बोलतात मराठी, पण चाल तमिळची. पहिले सहा महिने सासूबाई माझ्यावर रागावल्यात की माझे लाड करतायत, तेच मला कळायचं नाही. पुढे तमिळ शिकले आणि एका रिसर्च ऑफिसात चिकटले. विषय काय, तर गरीब माणूस वस्तू कशी निवडतो आणि त्यावरून सरकारने काय करावं. ऐकायला भारदस्त, करायला उन्हात दारोदार हिंडणं.

आमची टोळी चौघांची. प्रमुख रामनाथन सर, अतिशय हुशार आणि तितकेच भोळे. सेल्वी इथल्याच एका खेड्यातली, शेतमजुराची मुलगी, एम.ए. झालेली. गाडी चालवणारे व्यंकटराव आमच्यासारखेच तंजावूरचे मराठी. डायरी मराठीत लिहितात, पण तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नाही. आणि चौथी मी, तोंडाळ.

हे सगळे किस्से एकाच गावातले. तिरुवैयारुच्या पुढे, कालव्याच्या काठावर ते गाव आहे. तिथे एकट्या बायकांच्या तीसेक घरांना सरकारकडून दर महिन्याला एक पिशवी मिळायची. तिच्यात डाळ, तेल, साखर, साबण. ही पिशवी चालू ठेवायची की बंद करायची, ते आमच्या फॉर्मवरून ठरणार होतं. म्हणजे आम्ही एक टिक चुकीची केली, तर तीस चुलींवरची डाळ जाणार होती. हे आम्हाला माहीत होतं आणि त्या बायकांनाही माहीत होतं.

*

पहिल्याच दिवशी सरांनी साबणाचा प्रयोग मांडला. एका बाजूला मोठी, स्वस्त वडी. दुसऱ्या बाजूला तिच्या निम्म्या आकाराची वासाची वडी. कुठलीही एक घ्या, फुकट. सर माझ्या कानात म्हणाले, "बघा, सगळ्या मोठी उचलणार."

लावणीच्या चिखलातून थेट आलेली एक बाई पुढे झाली. पायाला अजून माती होती. तिने वासाची छोटी वडी उचलली.

सरांना राहवेना. "अहो, मोठी जास्त दिवस पुरेल की!"

ती म्हणाली, "मुलगी कॉलेजच्या बसने जाते, साहेब. मोठ्या साबणाने अंग स्वच्छ होईल. पण शेजारच्या सीटवर कोण बसतं आणि कोण उठून जातं, ते हा साबण ठरवतो."

सरांनी चष्मा काढून पुसला. खरं तर तो स्वच्छच होता. फॉर्मवर त्या उत्तरासाठी तीन पर्याय होते: किंमत, आकार, जाहिरात. सेल्वीने तिन्ही सोडून पुढचं पान उलटलं.

*

दुसरा प्रयोग धीराचा. "आज एक बिस्किटपुडा घ्या, किंवा आठवडाभर थांबा आणि दोन घ्या." गाव झाडून सगळं आजचा एकच घेत होतं. सर लिहीत होते, "घाई. पुढचा विचार नाही." गरीब माणूस पुढचं बघत नाही, असं त्यांच्या पुस्तकांत आहे म्हणे.

मग अंजलै पाट्टीची पाळी आली. पाट्टी म्हणजे आजी. सत्तरीची, काडीसारखी, एकटी राहणारी. गावात तिचा शब्द शेवटचा. तिनेही एकच पुडा घेतला आणि सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"थांबायला माझी काय हरकत आहे? तुझ्याआधी तिघं जण असेच 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणून गेले. ते आले की तुझाही विचार करीन."

आता सांगा, घाई कुणाला होती? सर रात्रभर झोपले नसावेत. बरोबर आठवड्याने, काहीही काम नसताना, टाउन बस बदलून ते एकटे त्या गावाला गेले. पाट्टी ओट्यावर बसली होती.

"आलास?" ती म्हणाली. "बरं. आता विचार तुझा प्रश्न."

सरांनी विचारला. त्या दिवशी अख्ख्या गावाने "दोन घेऊ, थांबतो" सांगितलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आपली परीक्षा कुणी इतकी सरळ घेतली नव्हती, असं सर स्वतःच म्हणाले.

*

मधेच एका कंपनीचं काम आलं. सामाजिक जबाबदारी म्हणून तिने या गावाला पाण्याचे फिल्टर वाटले होते आणि फोटोबिटो काढून मंडळी गेली होती. ते वापरात आहेत का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

पहिलं घर, फिल्टर नाही. दुसरं घर, नाही. दहाव्या घरापर्यंत माझा पारा चढला. विकून खाल्ले वाटतं, असं मी मराठीत पुटपुटले. व्यंकटराव म्हणाले, "थोडा दम धरा हो, बाई. गाव बघू आधी."

गाव बघता बघता अंगणवाडीपाशी आलो. आत भिंतीला लागून सगळे फिल्टर ओळीने मांडलेले. प्रत्येकावर झाकण, प्रत्येकाशेजारी पेला. एक बाई पाणी भरत होती. मी विचारलं, "घरी का नाही ठेवलेत?"

"आमची पोटं कालव्याच्या पाण्यावर तयार झालीत, त्यांना काही होत नाही. पोरांची पोटं अजून नवीन आहेत."

फॉर्ममधला प्रश्न होता, 'घरी फिल्टर वापरता का?' उत्तर सगळीकडे 'नाही'. कंपनीच्या कागदावर ते 'जागरूकतेचा अभाव' म्हणून गेलं असतं. मी त्या दिवशी व्यंकटरावांची माफी मागितली. खरं तर त्या बायकांची मागायला हवी होती, पण माझं मराठी पुटपुटणं त्यांना कळलं नव्हतं. तेवढी अब्रू राहिली.

*

आता आमची चूक. ही सांगताना अजून कान गरम होतात.

पिशवीचा निकाल ज्या पानावरून लागणार होता, त्या पानावर 'घरातला साठा' असा भाग होता. सरांचा नियम असा, की कुणी सांगितलेलं लिहायचं नाही, डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. आम्ही चार दिवस आधी निरोप धाडून गेलो. घरोघरी बसलो. पाहुणा कोरड्या तोंडाने जाऊ नये, ही इथली रीत. प्रत्येक घरात कॉफी आली, दाट दुधाची, दोन चमचे साखरेची. आणि आम्ही इमानदारीने टिक करत गेलो: कॉफी पावडर आहे, साखर आहे, दूध आहे.

सातव्या घरात पेला तोंडाला लावला आणि माझं लक्ष त्याच्या कडेला गेलं. इथे स्टीलच्या भांड्यांवर नाव कोरून घेतात. मला तमिळ वाचायला वेळ लागतो, पण ते नाव लागलं: अंजलै. आणि हे घर होतं कुणा मल्लिकाचं.

मी सेल्वीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पहिल्या घरापासून तोच पेला आहे, अक्का. तोच कॉफीचा डबा, तीच साखर. आपण एका दारातून निघालो की मागच्या दाराने पुढच्या घरात जातंय सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

"माझी आईसुद्धा असंच करायची. कोणत्या तोंडाने बोलू?"

अख्ख्या गावात मिळून कॉफीचा एक डबा होता! आणि आमच्या कागदांवर एव्हाना सात. त्या कागदांनुसार या गावाला पिशवीची काही गरज उरली नव्हती. सरांनी ते सगळे फॉर्म रद्द केले आणि वर कळवलं की चूक आमची आहे. वरून उत्तर आलं, आता तालुक्याचे अधिकारी स्वतः येऊन बघतील. ते पाहतील तेच अखेरचं.

*

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी सर गावात गेले आणि बायकांपुढे त्यांनी अक्षरशः हात जोडले. "उद्या काही देऊ नका. पाणीसुद्धा नको. डबे जसे आहेत तसे उघडून दाखवा." बायकांनी पाट्टीकडे पाहिलं. शेवटी पाट्टी म्हणाली, "ठीक आहे." ते दोन शब्द तिला किती जड गेले, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

अधिकारी आले. तरुण, कडक, कमी बोलणारे. मे महिन्याचं ऊन. घरोघर फिरले. बायका डबे उघडून दाखवत होत्या, आणि दाखवताना तोंड भिंतीकडे करत होत्या. दारात आलेल्या माणसाला कुणी बस म्हणालं नाही. तो तास मला आयुष्यभर पुरेल. तीस घरं झाली. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पेन खिशाला लावलं आणि फाईल बगलेत मारून ते जीपकडे निघाले. सही अजून व्हायची होती. ती ऑफिसात गेल्यावर करतो म्हणाले.

तेवढ्यात पाट्टी मागून लगबगीने आली. दोन्ही हातांत वाफाळती कॉफी. मागे सगळ्या बायका. सर पुटपुटले, "संपलं."

"लिहून झालं?" पाट्टीने विचारलं.

"झालं."

"मग आता तुम्ही पाहुणे. घ्या."

अधिकाऱ्यांनी पेल्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. नुकतेच त्यांनी तीस घरांतले तळ गाठलेले डबे पाहिले होते. "साखर कुणाच्या घरची?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पाट्टीने मागच्या सगळ्याच बायकांकडे मान वळवली. मग त्यांनी फाईल जीपच्या बॉनेटवर उघडली, शेवटचं पान काढलं आणि पिशवी चालू ठेवायची सही तिथेच करायला खिशातलं पेन काढलं.

पाट्टीने त्यांचा हात धरला.

"पेन आत ठेवा," ती म्हणाली. "कॉफी निवतेय."