पुढच्या चाकाचा आवाज

"अहो, सायकल किंचाळते तुमची," असं बायकोनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो, तुझे कानच फार तिखट आहेत. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणालो, बघतो. तिसऱ्यांदा तिनं सांगितलंच नाही. विषय मिटला असं मी धरून चाललो. सकाळी खकनारच्या रस्त्यानं फेरी मारून मी सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत वळलो की ती चहाचं आधण ठेवायची. ही वेळ कशी बरोबर साधते याचं मला कौतुक वाटायचं. पुढे कळलं की वेळेचा काही संबंध नव्हता. सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की तिची चीं चीं सगळ्यांना ऐकू यायची. फक्त मला नाही.

सायकल मुलाची. जाड टायरांची, गिअरची, डोंगरात चालवायची म्हणून त्यानं हौसेनं घेतलेली. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, सायकल जिन्याखाली राहिली आणि मला साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा. बऱ्हाणपुरात मी पस्तीस वर्षं शिकवतो आहे, त्यामुळे रस्त्यात भेटणारा माणूस एकतर माझा विद्यार्थी असतो नाहीतर विद्यार्थ्याचा बाप, आणि दोघेही थांबून बोलतात. सायकलवर असलं की हात हलवून सुटता येतं. लोकांशी थांबून बोलणं मला नकोसं का झालं होतं, याचा विचार मी कधी केला नाही. खरं सांगायचं तर केला होता, पण अर्ध्यात सोडून दिला होता.

मी गणित शिकवतो. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. आजकालची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात, ही माझी दोन-तीन वर्षांची तक्रार. मोबाइलवर बोटं चालवून चालवून यांना तोंड उघडायची सवयच राहिलेली नाही, हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलं की एक-दोघं मान डोलवायलाही लागले. गेल्या हिवाळ्यात नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं एका उदाहरणाचं उत्तर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी "मोठ्यानं!" म्हणून ओरडलो आणि शेवटी "चूक, बस खाली" म्हणून मोकळा झालो. वर्ग हसला. मी अख्ख्या वर्गाला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना दिसलं की तिचं उत्तर बरोबर होतं. मी बरोबरची खूण केली आणि काही न बोलता वही परत दिली.

वर्गात ऐकू न येणाऱ्या मास्तराचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. मी शाळेत असताना आम्हाला असे एक मास्तर होते. त्यांनी प्रश्न विचारला की आम्ही आवाज न काढता नुसते ओठ हलवायचो. ते बिचारे कानामागे हात धरून बाकाबाकापाशी येत आणि आम्ही खाली मान घालून हसत असू. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. म्हणून आता माझ्या कानांबाबत झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझं चाललं होतं.

मग पुढचं चाक डुगडुगायला लागलं. ते मला दिसलं, म्हणून मी सायकल इतवाऱ्यातल्या दुकानात नेली. दुकानदारानं पुढची बाजू उचलून चाक फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"सर, ये तो रो रही है. इतके दिवस चालवली कशी?"

"चालवली," मी म्हणालो.

"बेअरिंग गेलं दोन्हीकडचं. आमच्याकडे सुट्या गोळ्यांच्या, छर्रेवाल्या सायकली येतात. हे बंद बेअरिंग आहे, नंबरवालं. तुमच्याच सिंधीपुऱ्यात लूमवाल्या आबांकडे जा ना. मोटरीचे बेअरिंग तेच बदलतात."

आबा म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. जन्मभर पॉवरलूमवर फिटर होते, आता एका शेडच्या कोपऱ्यात बसून मोटरी आणि लूमचे भाग दुरुस्त करतात. भिंतीपलीकडे लूम चालूच होते. त्या शेडमध्ये शिरताच मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. तिथल्या खडखडाटात कुणालाच नीट ऐकू येत नव्हतं. जो तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत होता. मी इतरांसारखाच होतो.

"मले ऐकू येत नाही," आबा मोठ्यानं म्हणाले. "माह्याकडे तोंड करून बोला." दुकान मंगळवारी बंद असतं हे सांगावं इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं.

त्यांनी सायकल उचलून चाकाला गती दिली आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दांड्यांपैकी एकाला बोट टेकवलं. डोळे मिटले. मग माझा हात धरून माझं बोट तिथे ठेवलं. दांड्यात काहीतरी खरखरत होतं, खडे असलेले तांदूळ बोटांखाली फिरवावेत तसं. अख्खी गल्ली इतके दिवस जे ऐकत होती, ते मला आता बोटाला कळलं.

चाक काढून त्यांनी आस ठोकून बाहेर काढला आणि मागोमाग जुनी बेअरिंगं. त्यांतून गंजाचं तांबडं पाणी निघालं. पावसाळ्यात मी खुशाल चिखलातून सायकल घालत होतो त्याचं हे फळ. आबांनी बेअरिंगवरचा नंबर डोळ्यांजवळ धरून वाचला आणि पत्र्याच्या डब्यातून त्याच नंबरची दोन नवी काढली. अशी छोट्या मोटरींना लागतात म्हणाले. नवं बेअरिंग जागेवर ठेवल्यावर काम लवकर व्हावं म्हणून मी हातोडी पुढे केली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ठोकायचं नाही. मंधात ठोकलं तं नवंच मरते." त्यांनी एक लांब बोल्ट आरपार घातला, दोन्हीकडे जाड वायसर लावले आणि पान्यानं नट आवळायला सुरुवात केली. दाब फक्त बाहेरच्या कड्यावर. अर्धा आटा, थांबून बघणं, पुन्हा अर्धा आटा. वर्गात इतक्या सावकाश चालणाऱ्या मुलाला मी दोन गोष्टी ऐकवल्या असत्या.

पाना फिरवता फिरवताच मान वर करून ते म्हणाले, "सर, तुम्हालेही कमी येते ना?"

"नाही हो."

ते हसले. "मी खाली पाहून विचारलं होतं पहिले, चांगलं ओरडून. दोनदा. तुम्ही गप. आता वर पाहून विचारलं तं बोलले."

मला राग आला, आणि रागाखाली लाज होती हेही तेव्हाच कळलं.

"मशीनचं सोपं आहे," ते म्हणाले, "हात लावला की समजते. घरातल्या माणसाले हात लावून काय समजनार? दहा साल मी हो हो करत राहिलो. घरवाली काय बोलली नाही समजलं तरी हो. मंग पोरानं कानाचं मशीन आणून दिलं. घातलं, तं घरात काहीच ऐकू येईना. मी पोराले म्हटलं, बेटा, हे मशीन खराब आहे, वापस कर." नट आणखी अर्धा आटा फिरला. "पोरगा म्हने, बाबा, मशीन चांगलं आहे. आई बोलतच नाही."

ते मशीन त्यांनी मला दाखवलं. बेअरिंगच्याच डब्यात, एका कप्प्यात, कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं; लूमच्या खडखडाटात ते चालत नाही, घरी जाताना घालतो म्हणाले.

दुसरं बेअरिंगही बसलं. चाक लावून आबांनी पुन्हा माझं बोट दांड्यावर टेकवलं. चाक फिरत होतं आणि बोटाला काहीही लागत नव्हतं. माझ्या मनात मात्र बायकोनं तिसऱ्यांदा न सांगितलेली गोष्ट घोळत होती. चाकाचं तिनं दोनदा सांगितलं आणि सोडून दिलं. आणखी कशाकशाचं सोडून दिलं असेल याचा हिशेब करायला बसलो, तर गेल्या वर्षभरात ती आपणहून माझ्याशी फार कमी बोलल्याचं लक्षात आलं. आणि घरात शांतता असते म्हणून मी खूश होतो. मला भीती वाटली. वर्गात हसं होण्याची जी वाटत होती, तिच्यापेक्षा जास्त.

घरी आलो तेव्हा आधण ठेवलेलं नव्हतं. कुठून ठेवणार, सायकल आल्याचं तिला कळलंच नव्हतं. मी सायकल जिन्यापाशी लावताना तिला चाहूल लागली असावी, स्वयंपाकघरातून तिचं काहीतरी बोलणं झालं. माझ्या तोंडात "हो" तयार होता.

मी दारापर्यंत गेलो. "काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"चाकाचा आवाज गेला का, विचारलं."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला तो कधी ऐकूच आला नाही. मला बऱ्याच गोष्टी ऐकू येत नाहीत. तू ऐकून सांग."

ती कणकेच्या हातांनीच बाहेर आली. मी हँडल धरून सायकल उचलली आणि पुढचं चाक फिरवलं. ती खाली वाकून चाकाकडे बघत राहिली, मग चाकाकडे बघतच काहीतरी म्हणाली. मी तसाच उभा राहिलो. तिच्या लक्षात आलं. ती सरळ झाली, माझ्याकडे तोंड केलं आणि पुन्हा म्हणाली, "गेला."